रिलक्टंट म्हणजे नाखूष? एक इंग्रजी शब्द मुळापासून शिकण्याची पद्धत

इंग्रजी शब्दांच्या वह्या बहुतेकांच्या सारख्याच असतात. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अशा वहीत 'रिलक्टंट'समोर 'नाखूष' लिहिलेलं असतं. ते चूकही नाही, शब्दकोशात तोच अर्थ सापडतो. पण याच वहीच्या भरवशावर 'साहेब माझ्या कामावर नाखूष होते' हे इंग्रजीत सांगायची वेळ आली, की हातून उतरतं, 'माय बॉस वॉज रिलक्टंट विथ माय वर्क.' अर्थ पाठ, स्पेलिंग बरोबर, आणि वाक्य साफ चुकलेलं.

मराठीतल्या 'नाखूष'ला दोन अंगं आहेत. एक म्हणजे नाराज, दुसरं म्हणजे एखादी गोष्ट करायला मनातून राजी नसलेला. इंग्रजी शब्दाकडे यातलं फक्त दुसरं आहे. उभ्या रेघेच्या वहीत हे कळायला जागाच नसते.

या लेखात हाच एक शब्द घेऊन शेवटपर्यंत जाऊ. पद्धत कुठल्याही शब्दाला लागू पडेल, पण ती नुसती सांगून समजत नाही, एखाद्या शब्दावर चालवून दाखवावी लागते.

आधी ठरवा: हा शब्द नुसता ओळखायचा की वापरायचा?

दिसेल तो शब्द शिकायला बसलात तर आयुष्य पुरणार नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची १९८९ची आवृत्ती २० खंडांची आहे, आणि त्यातल्या शब्दांचा फार मोठा भाग इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही ठाऊक नसतो. शब्दसंग्रहावर आयुष्यभर संशोधन केलेले पॉल नेशन यांनी २००६ साली एक अंदाज मांडला: कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचताना त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे वाटावेत, तर साधारण ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं माहीत हवीत. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. आकडा मोठा आहे, पण तो वाचून समजण्याचा आहे. बोलायला-लिहायला याच्या कितीतरी कमी शब्दांत भागतं.

म्हणून दोन ढीग करा. एका ढिगात वाचताना समजले की पुरे असे शब्द, दुसऱ्यात तोंडी आणि हाती यायला हवेत असे. पहिल्या ढिगातल्या शब्दाला एका ओळीचा अर्थ बास. उभ्या रेघेची वही तिथे खुशाल वापरा. बाकीची सगळी मेहनत दुसऱ्या ढिगासाठी राखून ठेवा.

कोणता शब्द कुठे टाकायचा? शब्द वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा भेटतोय का ते बघा. बातमीत भेटला, मुलाखतीत कानावर आला, कुणाच्या ईमेलमध्ये दिसला, तर तो दुसऱ्या ढिगातला. शिकणाऱ्यांसाठीच्या काही ऑनलाइन कोशांत शब्दाशेजारी ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सगळ्यात वरची) अशी पातळी दिलेली असते, तीही मदतीला येते. आणि स्वतःला एक साधा प्रश्न: हा शब्द वापरून मी काय सांगणार आहे? उत्तर सुचलं नाही तर तूर्त पहिला ढीग. 'रिलक्टंट'च्या बाबतीत उत्तर लगेच सुचतं. एखादी गोष्ट करायला मन घेत नाही, हे सांगायची वेळ रोजच येते.

कोश उघडायच्या आधी वाक्याशी झटापट करा

समजा, शब्द या वाक्यात भेटला: 'आफ्टर अ लाँग पॉज, शी रिलक्टंटली हँडेड ओव्हर द कीज.' बराच वेळ थांबून तिने किल्ल्या हवाली केल्या, एवढं तर कळतंच. मधला शब्द झाकून ठेवा आणि तिथे काय असू शकेल याचा अंदाज बांधा.

शेवटी 'ली' आहे, म्हणजे बहुधा क्रियाविशेषण, किल्ल्या कशा दिल्या ते सांगणारं. आधी बराच वेळ थांबली, म्हणजे आनंदाने दिल्या नसाव्यात. पण दिल्या, हेही खरं. रागाने दिल्या असतील? घाबरून? सावकाश? सगळे अंदाज कागदावर लिहा. त्यातले बरेच चुकतील, त्याची फिकीर नको. अंदाज बांधून मग उत्तर पाहिलं की ते लक्षात राहतं, आयतं मिळालेलं उत्तर डोळ्यांसमोरून निघून जातं. शिवाय 'दिल्या, पण...' हा जो धागा हाती लागला, तो पुढे फार उपयोगी पडणार आहे.

जिथे शब्द भेटला ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. सुटा शब्द उतरवू नका.

कोश कोणता, आणि त्यात काय वाचायचं

इंग्रजी कोश दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांची इंग्रजी मातृभाषा आहे त्यांच्यासाठी, दुसरे, शिकणाऱ्यांसाठी. आपल्याला दुसरे हवेत, आणि यात कमीपणा काहीच नाही. शिकणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात हे ओळखून ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांसोबत असा एक कोश केला. तो १९४२ साली तिथेच निघाला, १९४८मध्ये ऑक्सफर्डने छापला, आणि आजचा 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स' हा त्याचाच वारस. लाँगमनने १९७८च्या कोशात आणखी एक शिस्त आणली: सगळे अर्थ सुमारे २ हजार सोप्या शब्दांतच सांगायचे. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने केलेला 'कोबिल्ड' कोश तर अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो: तुम्ही अमुक करायला रिलक्टंट असाल तर ते करण्याची तुमची इच्छा नसते, आणि म्हणून ते करायच्या आधी तुम्ही अडखळता किंवा मनापासून करत नाही, साधारण अशा धर्तीवर. अर्थ आणि वाक्यरचना दोन्ही एका दमात कळतात. या तिन्ही घराण्यांचे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. मला विचाराल तर नवा शब्द आधी कोबिल्डमध्ये पाहावा, मग खातरजमेसाठी दुसऱ्या कोशात.

बरेच जण कोशातला पहिला अर्थ वाचतात आणि कोश मिटतात. 'इश्यू'सारख्या शब्दाला हे फार महागात पडतं. तो शब्द कुठे मुद्दा असतो, कुठे मासिकाचा अंक, कुठे अडचण, आणि क्रियापद झाला की नोटीस जारी करणं. 'रन' या एवढ्याशा क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सहाशेहून जास्त अर्थ नोंदलेले आहेत. तेव्हा आपण उतरवलेलं वाक्य शेजारी ठेवायचं आणि त्यात बसणारा अर्थ शोधायचा. बाकीचे अर्थ आज नको.

अर्थाइतक्याच महत्त्वाच्या असतात त्या बारीक अक्षरांतल्या खुणा. नामापुढे 'सी' असेल तर ते मोजता येतं, 'यू' असेल तर येत नाही. 'ॲडव्हाइस'पुढे 'यू' असतो, म्हणजे 'ॲन ॲडव्हाइस' म्हणायचं नाही आणि 'ॲडव्हाइसेस'ही नाही. क्रियापदापुढचा 'टी' सांगतो की त्याला कर्म लागतं. 'रिलक्टंट'शेजारी आपल्याला दिसेल की हे विशेषण आहे आणि ते 'रिलक्टंट टू डू समथिंग' अशा साच्यात येतं. वहीत अर्थाच्याही आधी हा साचा लिहा.

उदाहरणवाक्यं सगळी वाचा, तीही मोठ्याने. कोशकारांनी ती रचना दाखवण्यासाठीच निवडलेली असतात.

इंग्रजी-मराठी कोशांचं काय? तेही हवेत. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा आहे आणि त्यातली मराठी अजूनही चाखत वाचावी अशी आहे, पण त्यातली इंग्रजी त्या काळची आहे, हे ध्यानात ठेवून. आधी इंग्रजीतून अर्थ पकडा, मग मराठीकडे या. हा क्रम उलटला की 'नाखूष'सारखी गडबड होते.

मराठीत शब्द शोधू नका, प्रसंग शोधा

'मराठी बाजूला ठेवा, इंग्रजीतच विचार करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ज्या भाषेत आपण रुसतो, भांडतो, हिशेब करतो, ती भाषा नवा शब्द जोखायला सगळ्यात चांगलं माप आहे. गडबड मराठीमुळे होत नाही, एका शब्दाला एकच शब्द लावण्याच्या हट्टामुळे होते.

'रिलक्टंट'चा अनुभव मराठीत कुठे-कुठे विखुरलाय ते पाहा. पहाटे गजर वाजतो आणि 'उठायचं अगदी जिवावर येतं'. हे जवळजवळ नेमकं बसतं, कारण जिवावर येतं तरी माणूस बहुधा उठतोच. 'कां-कू करत पैसे काढले', इथेही काम झालंय, पण मनाविरुद्ध. किल्ल्यांच्या वाक्याला हा वाक्प्रचार चपखल आहे. 'आढेवेढे घेतले' जवळचं आहे, पण त्यात कधी कधी नुसता मानभावीपणा असतो. मनातून हवंय आणि वरवर नको-नको चाललंय. 'रिलक्टंट' माणूस सोंग करत नाही. 'नाइलाजाने' म्हटलं की भर परिस्थितीवर जातो, दुसरा मार्ग नव्हता. इंग्रजी शब्दाचा भर मनाच्या अडण्यावर आहे, परिस्थिती काही का असेना. 'मारून मुटकून' फारच पुढचं, तिथे जबरदस्ती आली. आणि 'चालढकल' वेगळीच, ती फक्त वेळ काढणं. तिला 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणतात.

एवढी तुलना झाली की शब्दाच्या कडा दिसायला लागतात. करायची इच्छा नाही, पण साफ नकारही नाही. टोचणी आहे, आणि बहुतेक वेळा शेवटी काम होतं. ही एक ओळ 'नाखूष, अनिच्छुक' या जोडीपेक्षा कितीतरी कामाची आहे. वहीत तीच लिहा, आणि खाली आपल्या तोंडचं एक मराठी वाक्य: 'त्याला खरं बोलायचं जिवावर आलं.'

आता वाक्यरचनेतला खड्डा बघा. मराठीत 'मला जिवावर येतं', म्हणजे माणूस चतुर्थीत जातो आणि काम कर्त्याच्या जागी बसतं. इंग्रजीत सगळं उलटं: 'आय ॲम रिलक्टंट.' माणूसच कर्ता. आपल्याकडे मला आवडतं, मला आठवतं, मला परवडतं, मला जमतं अशी भली मोठी बिरादरी आहे, आणि इंग्रजीत जाताना यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात माणसाला उचलून कर्त्याच्या खुर्चीवर बसवावं लागतं. 'मला ते परवडत नाही' याचं 'इट डझ नॉट अफोर्ड मी' होत नाही, 'आय कान्ट अफोर्ड इट' होतं. अर्थ पाठ असूनही वाक्य फसतं ते बहुधा याच जागी. म्हणून नवा शब्द शिकताना दोन्ही भाषांत कर्ता कोण आहे, हे एकदा तरी स्वतःला विचारा.

शब्दाची संगत

इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली लिहिलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आजचे कोश प्रामुख्याने याच कल्पनेवर उभे आहेत. कोट्यवधी शब्दांचे खरे लिखाण-बोलणे संगणकात साठवायचं आणि कुठला शब्द कुणासोबत दिसतो ते मोजायचं. अशा साठ्याला कॉर्पस म्हणतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांचा आहे, अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' १०० कोटींहून मोठा. दोन्ही इंटरनेटवर चाळता येतात. ते किचकट वाटलं तर कोशातली उदाहरणं आणि बातम्यांमधला शोध एवढ्यावरही काम भागतं: 'रिलक्टंट टू' ही जोडी अवतरणचिन्हांत टाकून शोधा आणि आलेल्या वाक्यांमध्ये फक्त त्या शब्दाच्या डावी-उजवीकडे पाहा.

उजवीकडे काय येतं? 'टू' आणि लगेच क्रियापदाचं मूळ रूप. रिलक्टंट टू टॉक, रिलक्टंट टू ॲडमिट, रिलक्टंट टू लीव्ह, रिलक्टंट टू कमेंट. 'रिलक्टंट टू टॉकिंग' नाही, 'रिलक्टंट फॉर टॉकिंग' नाही, 'रिलक्टंट ऑफ' तर नाहीच. आणि 'विथ'? 'माय वर्क'वालं वाक्य का फसलं ते इथे उघड होतं. एखाद्या व्यक्तीवर किंवा वस्तूवर रिलक्टंट होता येत नाही. एखादी *कृती करायला* रिलक्टंट असता येतं. 'नाखूष'मधला नाराजीचा अर्थ हवा असेल तर 'अनहॅपी विथ' किंवा 'डिसप्लीज्ड विथ' आहे.

डावीकडे 'वॉज', 'सीम्ड', 'रिमेन्ड' दिसतात. आणि शब्दाला जोर देणारे 'व्हेरी', 'इन्क्रीझिंगली', 'अंडरस्टँडेबली'. यातला शेवटचा टिपून ठेवण्यासारखा आहे. 'अंडरस्टँडेबली रिलक्टंट' म्हणजे मागे हटतोय खरा, पण त्याच्या जागी कुणीही हटलं असतं. समोरच्याला दोष न देता त्याची अनिच्छा सांगायची असेल तर ही जोडी हाताशी असावी.

शब्द नामाच्या आधीही येतो: रिलक्टंट विटनेस म्हणजे साक्ष द्यायला तयार नसलेला साक्षीदार, रिलक्टंट रीडर म्हणजे वाचायचा कंटाळा असलेलं मूल, रिलक्टंट स्माइल म्हणजे हसायचं नव्हतं तरी फुटलेलं हसू. प्रत्येक ठिकाणी तोच धागा आहे, 'नको होतं, तरी'.

खरी गंमत क्रियाविशेषणात आहे. 'रिलक्टंटली'च्या शेजारी बहुतेक वेळा होकाराची क्रियापदं दिसतात: ॲग्रीड, ॲक्सेप्टेड, ॲडमिटेड. मनाविरुद्ध, पण केलं. मग कधी तरी 'शी रिलक्टंटली डिक्लाइन्ड' असं वाक्य समोर येतं. तिने नकार दिला, तोही रिलक्टंटली? गोंधळ वाटतो, पण नियम तोच आहे. हा शब्द ज्या क्रियेला चिकटतो, ती क्रिया मनाविरुद्ध होते. 'ॲग्रीड'ला चिकटला तर होकार मनाविरुद्ध, 'डिक्लाइन्ड'ला चिकटला तर नकार मनाविरुद्ध. म्हणजे तिला यायचं होतं, पण जमलं नाही. निमंत्रण नाकारायच्या पत्रात हे क्रियाविशेषण फार शोभतं, आणि 'रिलक्टंट म्हणजे नाखूष' एवढ्यावर थांबलेल्या माणसाला ते पत्र उलटं वाटू शकतं.

शेजारचे शब्द: कुणाच्या जागी कोण चालणार नाही

समानार्थी शब्दांची यादी पाठ करणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. समानार्थी शब्द सहसा समान नसतात. एकच वाक्य घेऊन त्यात एकेक शब्द घालून पाहा.

'ही वॉज अनविलिंग टू साइन' म्हटलं की दार बंद. सही होणार नाही असा सूर. 'रिलक्टंट टू साइन' म्हटलं की दार किलकिलं आहे, आग्रह केला तर होईल. वाटाघाटीच्या ईमेलमध्ये या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'हेझिटंट'मध्ये नावड नसते, खात्री नसते, मन घुटमळतंय. 'अव्हर्स' बरंचसं स्वभावाचं आहे आणि त्याच्यामागे 'टू' आलं तरी पुढे नाम किंवा 'इंग'वालं रूप येतं: 'अव्हर्स टू रिस्क'. त्याची आणखी एक खोड म्हणजे तो 'नॉट अव्हर्स टू' असा नकारात पुष्कळदा दिसतो, म्हणजे 'अमुकला माझी ना नाही'.

आणि 'रेटिसंट'. हा ऐकायला सारखा, म्हणून गफलत नेहमीची. रेटिसंट माणूस मितभाषी असतो, मनातलं सांगत नाही. इंग्रजी बोलणारेही आता तो 'रिलक्टंट'च्या जागी वापरताना दिसतात आणि भाषेबाबत काटेकोर असलेले वाचक त्यावर नाक मुरडतात. आपण कशाला त्या वादात पडा. बोलण्याबद्दल असेल तरच वापरा.

विरुद्धार्थी म्हणून 'विलिंग' किंवा 'ईगर'. पुढे 'अन' लावून शब्द बनवायला जाऊ नका.

कुटुंबात आणखी एक सदस्य आहे, 'रिलक्टन्स' हे नाम. साचा तोच, 'रिलक्टन्स टू स्पीक', आणि 'विथ ग्रेट रिलक्टन्स' ही ठरलेली जोडी, म्हणजे अगदी जड मनाने. ते मोजता न येणारं नाम आहे, अनेकवचन करू नये. चालू वापरात या कुटुंबाचं क्रियापद नाही. 'आय रिलक्ट' असं कुणी म्हणत नाही.

मूळ कुठलं?

हा टप्पा वगळला तरी चालतं, पण काही शब्दांना तो खिळ्यासारखा पक्का करतो. लॅटिनमध्ये 'लुक्तारी' म्हणजे कुस्ती खेळणं. त्याला 'रे' हा विरोधाचा उपसर्ग लागला की 'झुंज देऊन प्रतिकार करणं'. रिलक्टंट माणूस म्हणजे ज्याचं मन आत कुस्ती खेळतंय. याच कुळातला 'इनिलक्टेबल' म्हणजे ज्याच्याशी झुंजून सुटता येत नाही असं, अटळ. हा आपल्या पहिल्या ढिगातला. दिसला की ओळखा आणि पुढे जा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना 'रिलक्टन्स' चुंबकत्वाच्या धड्यात भेटतो. एखादा पदार्थ चुंबकीय प्रवाहाला जो विरोध करतो त्याला ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८८ साली हे नाव दिलं. नाव किती समजून दिलंय, ते आता कळेल.

मात्र व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू नये. 'नाइस'चं मूळ 'अडाणी' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, पण म्हणून कुणाला 'नाइस' म्हटल्यावर तो रागावत नाही.

उच्चार

रि-लक्-टन्ट, आघात मधल्या 'लक्'वर. कोशातल्या ध्वनिलिपीत आघाताची छोटी उभी रेघ शब्दाच्या ज्या अवयवाच्या, म्हणजे एका दमात उच्चारायच्या तुकड्याच्या, *आधी* असते, त्या अवयवावर जोर. शेवटचा 'टन्ट' हलका, जवळजवळ गिळलेला. मराठीत आपण सगळे अवयव सारख्या जोराने बोलतो, म्हणून इंग्रजी शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही. कोशातलं स्पीकरचं चित्र दाबून ऐका, लगेच मागून म्हणा, आणि सुटा शब्द न म्हणता 'रिलक्टंट टू' असा जोडूनच म्हणा. पुढच्या वेळी तोंडातून तो 'टू'सकटच बाहेर येईल.

आता स्वतःची वाक्यं

'ही इज रिलक्टंट.' व्याकरणात चूक नाही, पण हे वाक्य काहीच सांगत नाही. कसं ओळखायचं? शब्दाच्या जागी 'हॅपी', 'टॉल', 'इंडियन' काहीही टाका, वाक्य तसंच उभं राहतं. म्हणजे तुम्ही शब्द नुसता ठेवून दिलाय, वापरला नाही. वाक्य असं हवं की शब्द झाकला तरी वाचणाऱ्याला तोच, किंवा त्याच्या जवळपासचा शब्द सुचावा: 'मीरा वॉज रिलक्टंट टू लेंड हर कॅमेरा, बट शी गेव्ह इट टू मी इन द एंड.' इथे 'बट' आणि 'इन द एंड' यांनी अर्थ बाहेर काढला.

वाक्यं आपल्याच आयुष्यातली घ्या. काल काय करायचं जिवावर आलं होतं? कुठला कबुलीजबाब तोंडातून निघत नव्हता? एक वाक्य 'रिलक्टंट टू'चं, एक 'रिलक्टंटली'चं, जमलं तर एक 'रिलक्टन्स'चं. मग सूर बदलून पाहा. मित्राशी बोलताना इंग्रजीत लोक बऱ्याचदा 'आय डोन्ट रिअली वॉन्ट टू' म्हणून मोकळे होतात. तिथे 'रिलक्टंट' थोडा इस्त्री केलेला वाटतो. बातमीत, अहवालात, कामाच्या ईमेलमध्ये तो अगदी घरचा. 'वी आर रिलक्टंट टू चेंज द डेट ॲट धिस स्टेज' हे वाक्य नकार देतं, पण बोलणी तोडत नाही.

तपासून घ्यायला जाणकार माणूस मिळाला तर उत्तम. नसेल तर संगणकावरच्या एआय मदतनिसाला विचारा, पण 'बरोबर आहे का?' असं विचारू नका. तो बऱ्याचदा कौतुक करून मोकळा होतो. 'हे वाक्य इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस कसं लिहील, आणि माझ्या वाक्यात नेमकं काय खटकतंय?' असं विचारा, आणि आलेलं उत्तर कोशातल्या साच्याशी ताडून पाहा.

विसरायच्या आत पुन्हा भेट

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते. तेव्हा आज शिकलेला शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पाहा. नेमके दिवस कुणी ठरवून दिलेले नाहीत, वाढतं अंतर महत्त्वाचं. कार्डांची ॲप हेच काम आपोआप करतात.

पण कार्डावर लिहायचं काय, यात बरेच जण फसतात. पुढे 'रिलक्टंट', मागे 'नाखूष' असं कार्ड केलंत तर फिरून त्याच उभ्या रेघेच्या वहीत. पुढच्या बाजूला तुमचं मराठी वाक्य लिहा, 'तिने कां-कू करत किल्ल्या दिल्या'. मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. दुसऱ्या कार्डावर गाळलेली जागा: 'ही सीम्ड ______ टू ॲन्सर', आणि कडेला 'नकार नाही, पण मन घेत नाही' एवढी सूचना. उत्तर मोठ्याने म्हणा, मगच कार्ड उलटा.

एवढं सगळं करायला एका शब्दाला अर्धा तास सहज जातो. दिवसाला दहा शब्दांचा संकल्प या पद्धतीने टिकणार नाही, टिकवूही नका. आठवड्याला चार-पाच शब्द पुष्कळ झाले.

आणि जे शब्द 'येतात' असं वाटतं ते?

नव्या शब्दांपेक्षा अवघड असतात ते मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द. ते कोशात बघावेत असं कुणाच्या मनातही येत नाही. आपण वर्गात हात वर करून 'सर, डाउट आहे' म्हणतो, म्हणजे प्रश्न आहे, काहीतरी समजलं नाही. भारताबाहेरच्या माणसाला 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट' असं लिहून पाठवलंत तर त्याला वाटेल, तुमचा त्याच्या अहवालावर विश्वास नाही. आपलं 'हॉटेल' जेवायचं, त्यांचं राहायचं. आपला मुलगा कॉलेजातून 'पास आउट' होतो, त्यांच्याकडे पास आउट होणाऱ्याच्या तोंडावर पाणी मारावं लागतं. 'टेन्शन', 'फंक्शन', 'रिमार्क' यांचेही मराठीत येऊन रंग बदलले आहेत.

तुमच्या रोजच्या बोलण्यातले असे शब्द निवडा आणि त्यांच्यावर हीच पद्धत चालवा, फक्त सुरुवात उलटीकडून करा: मराठीत आपण तो शब्द कसा वापरतो ते आधी लिहून काढा, मग कोशातली उदाहरणवाक्यं शेजारी ठेवून फरक कुठे पडतो ते अधोरेखित करा. 'डाउट'पासून सुरुवात करायला हरकत नाही. ईमेलमध्ये तूर्त 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा.